उचिको
उचिको : जपानच्या शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतातील जुने गाव. मात्सुयामा शहराहून जलद रेल्वेगाडीने साधारण अर्ध्या तासावर असूनही क्योटोसारखी पर्यटकांची गर्दी इथवर पोचत नाही. एदो व मेइजी काळात गावाची भरभराट झाली ती मेणामुळे. हे मेण मधमाश्यांचे नव्हे, तर हाझे झाडाच्या फळांचे. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले हे झाड; त्याचा चीक अंगाला लागला की पुरळ उठते. मेणबत्तीसाठी बांबूच्या काडीवर कागद व लव्हाळ्याचा गर गुंडाळून वात करतात, आणि वितळलेले मेण तळहाताने थरावर थर चढवतात. मेणबत्ती आडवी कापली की आत झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. पॅराफिन आणि विजेचे दिवे आले नि धंदा बसला. योकाइची-गोकोकु भागातली पिवळसर गिलाव्याची व्यापारी घरे मात्र टिकली. 1982 पासून ती संरक्षित आहेत. मेणाचे बडे व्यापारी हागा यांच्या वाड्यात आता संग्रहालय आहे. 1916 मध्ये बांधलेले उचिको-झा हे दुमजली लाकडी काबुकी नाट्यगृह. त्याच्या फिरत्या रंगमंचाखाली तळघर आहे. नोबेल पारितोषिक विजेते कादंबरीकार केन्झाबुरो ओए (1935–2023) यांचे जन्मगाव ओसे आता उचिकोतच मोडते.