पांघरूण : खोळ, वाकळ आणि हुडी

सुरुवातीलाच एक गोष्ट करू. मागच्या दोन रांगांकडे जरा वळून बघा. बाहेर थंडी नाही, इथे पंखे चालू आहेत, आणि तरी सात-आठ मुला-मुलींच्या अंगात हुडी आहे. (हशा) नाही नाही, काढू नका. आज आपल्याला तुमच्याविषयी बोलायचंय, तुम्हाला बोलायचं नाहीये.

घरोघरी हा वाद आहे. "एवढ्या उकाड्यात हे काय गुंडाळून बसलायस?" असं आई विचारते. मुलगा म्हणतो, "बरं वाटतं." वाद तिथेच संपतो, कारण 'बरं वाटतं' याला आपण उत्तर मानतच नाही. आजच्या व्याख्यानात आपण ते उत्तर मानायचं आणि त्याचा इतिहास शोधायचा. त्यासाठी लांब जायला नको. भोर आणि वेल्हे हे दोन तालुके पुरेसे आहेत. वेल्ह्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, पण बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो, म्हणून इथेही तसंच म्हणू.

पहिला कपडा घोंगडी. तोरणा, राजगड, रायरेश्वर या डोंगरांच्या पायथ्याला पावसाळ्याचे चार महिने म्हणजे काय, हे इथल्या माणसांना सांगायला नको. धुकं, वारा, अंगात शिरणारी ओल. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कुणब्याच्या पोशाखाचं वर्णन आहे, त्यात कांबळं आहेच. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, सूत काढायचं, ताण्याला चिंचोक्यांची खळ द्यायची आणि खड्ड्यातल्या मागावर विणायचं, हे धनगर समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब. ही लोकर टोचते. पण पाणी चटकन आत येऊ देत नाही आणि ओली झाली तरी ऊब धरून ठेवते.

आता गुराख्याचं पोर डोळ्यांसमोर आणा. दहा-बारा वर्षांचं. दिवसभर डोंगरावर एकटं, गुरांमागे. पाऊस आला की ते घोंगडीची खोळ करतं. म्हणजे एक कोपरा आत दुमडून टोक डोक्यावर घ्यायचं, बाकीची घोंगडी पाठीवरून खाली सोडायची. डोकं झाकलं, कान झाकले, पाठ झाकली. समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही दिसत नाही. आता सांगा, मागच्या रांगेतली हुडी यापेक्षा फार वेगळी आहे का? हुडीचा जन्मही कष्टकऱ्यांतलाच. १९३० च्या दशकात अमेरिकेत थंड गोदामांत काम करणाऱ्या मजुरांसाठी टोपीचे असे जाड सदरे तयार झाले. म्हणजे आपली खोळ आणि त्यांची हुडी या दोन्ही गोष्टी थंडी-वाऱ्यात एकट्याने काम करणाऱ्या माणसाच्या आहेत. मनाची सोय नंतर कळली, आधी गरज अंगाची होती.

दुसरा कपडा वाकळ. कुणी गोधडी म्हणेल. आईचं लुगडं विरलं की त्याला दंड घालायचा, म्हणजे विरलेला भाग काढून उरलेले भाग जोडायचे. आणखी विरलं की त्याचं बाळोतं, झबलं, टोपडं. आणि सगळ्यात शेवटी वाकळ. वाळवणं उरकली की उन्हाळ्यात बायका अंगणात वाकळ पसरायच्या. आजीचं लुगडं, बापाचं धोतर, थोरल्या भावाचा सदरा असे थर लावायचे आणि कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. नवरात्राआधी ह्याच वाकळा नीरेवर, वेळवंडीवर, गुंजवणीवर धुवायला जायच्या आणि खडकांवर वाळत पडायच्या. कुठल्या घरात किती माणसं निजतात, हे त्या दिवशी गावाला नुसतं बघून कळायचं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत, जुनं घालतात. ते मऊ असतं हे एक कारण झालं. पण त्या जुन्या कापडाला घरातल्या माणसांचा वास असतो. मानसशास्त्राने हे बऱ्याच उशिरा तपासलं. १९५८ मध्ये हॅरी हार्लो या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडाच्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेची, एक मऊ कापड गुंडाळलेली. तारेच्या आईकडून दूध मिळत असलं तरी पिल्लं दूध पिऊन परत कापडाच्या आईला बिलगत. त्याच दशकात डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने मुलांच्या आवडत्या पांघरुणाविषयी लिहिलं. आई जवळ नसताना तिच्या असण्याची जागा ते फडकं भरून काढतं, असं त्याच्या म्हणण्याचं सार. आपल्या आज्यांनी हे सिद्धांत म्हणून मांडलं नाही. त्यांनी ते शिवलं.

आणि याची खरी गरज पडली ती घर सोडताना. घर सोडणाऱ्या तरुणांचे आपण दोन गट पाहू.

एक गट मुलींचा. शारदा कायदा १९२९ चा. त्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, म्हणजे त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं, याहून लहान मुली सासरी जात होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे कुठल्या दप्तरात मिळत नाही. मिळतं ते जात्यावरच्या ओव्यांत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशीसारख्या पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेरची चोळी, भावाने घेतलेलं लुगडं पुन्हा पुन्हा येतं. इतकं का यावं? कारण सासरच्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. ती चोळी अंगात असेपर्यंत माहेर अंगावर होतं.

दुसरा गट मुलांचा. या मावळपट्ट्यातून तरुण मुंबईला गेले, गिरणीत, गोदीत, माथाडीत. सोबत वळकटी असायची, आणि वळकटीत घरची वाकळ. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणारे. स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे त्या वाकळेखालची दोन हात जमीन. दिवसभर गिरणीत मैलोगणती नवं कापड विणणारा पोरगा रात्री आईच्या जुन्या लुगड्याखाली झोपत होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेकांना वळकटी बांधून गावी परतावं लागलं. त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय. रात्री पांघरुणाखाली कोण किती रडलं, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

इथे एक इशारा द्यायला हवा, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. भोरहून वरंध घाट उतरला की महाड. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितलं की लुगडं नेसण्याची जी पद्धत तुमची जात दाखवते, ती सोडा. त्यांनी ती सोडली. म्हणजे अंगावरचा कपडा सवयीचा असूनही अपमानाचा असू शकतो. ज्या कपड्यात मान खाली जाते, तो कितीही मऊ असला तरी संरक्षण करत नाही. वसतिगृहात ठिगळाच्या सदऱ्यावरून चिडवलं गेलेल्या मुलाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपली भाषाही ह्या दोन्ही बाजू जाणते. पदराखाली घेणं, मायेची ऊब हे एकीकडे. दुसरीकडे 'पांघरूण घालणं', म्हणजे लपवणं, झाकून टाकणं. एकाच कापडाची ही दोन कामं. आणि प्रश्न न सोडवता नुसता ठेवून दिला तर त्याला आपण काय म्हणतो? भिजत घोंगडं.

आता आजच्या मुलांकडे येऊ. शिरवळच्या कारखान्यात पाळ्या करणारी, पुण्यात अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, कॉट बेसिसवर राहणारी ही मुलं भोर-वेल्ह्यातलीच आहेत. गावाला फोनवर "सगळं ठीक आहे" सांगायचं आणि टोपी डोक्यावर ओढून बसायचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. म्हणजे चाळीसच्या वर्गात साधारण तीन मुलं. ही तीन मुलं कपड्यावरून ओळखता येत नाहीत. हुडी घालणारा प्रत्येक जण दुःखी नसतो, आणि इस्त्रीच्या शर्टातला प्रत्येक जण बरा नसतो.

मग फरक कुठे पडला? कापडाचा मऊपणा तोच आहे. पण वाकळेत दुसऱ्या कुणाचे तरी तास होते. उन्हाळ्याच्या दुपारी कुणीतरी ह्या पोराचा विचार करत टाका घातला होता. हुडी मुलाने स्वतःच, एकट्याने, फोनवर मागवली आहे. आपलं पांघरूण आपणच शोधायची पाळी त्याच्यावर आली, ही त्याची चूक नाही. आपण ते शिवायचं थांबवलं.

याचा अर्थ उद्या सगळ्यांनी वाकळा शिवायला घ्या असा नाही. घ्यायच्या तर जरूर घ्या, बाजारात त्यांना आता चांगला भाव आहे. (हशा) म्हणणं एवढंच की "हे काय घातलंयस?" ऐवजी "जेवलास का? झोप लागते का?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा. उत्तर ऐकून काळजी वाटली तर भिजत घोंगडं ठेवू नका. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनो, तुमची हुडी राहू द्या. डोंगरावरचं गुराख्याचं पोरही खोळ घ्यायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावर ते खोळ उतरवून चुलीजवळ बसायचं आणि आई घोंगडी वाळत टाकायची. तुमच्यासाठी ती चुलीजवळची जागा ठेवणं हे आमचं, ह्या पुढच्या रांगांचं काम आहे. ते आम्ही नीट केलेलं नाही, हे आज इथे कबूल करतो.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मागून येऊ द्या.