पडद्यावरचा कळफलक आणि आपला 'ऱ'

आजचा विषय तुमच्या खिशातच आहे. मोबाइलच्या काचेवर बोट टेकलं की 'क' उमटतो. पण तो 'क' तिथेच का, आणि त्याच्या शेजारी 'ऱ' का दिसत नाही? हे कुणीतरी, कधीतरी ठरवलेलं आहे. तो इतिहास आज थोडक्यात पाहू.

सुरुवात टाइपरायटरपासून. शोल्स यांचं यंत्र अमेरिकेत १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलं. इंग्रजीची अक्षरं २६, त्यामुळे चाळीसेक कळांत काम भागलं. आपली देवनागरी त्यात कशी बसायची? स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, वर जोडाक्षरं! मग तडजोड झाली. 'ण', 'थ' अशी अक्षरं अर्धी ठेवली. दांडी मारली की ती पूर्ण व्हायची. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग 'क'. म्हणजे यंत्राला अक्षराचा आकार कळायचा, उच्चार नाही. तुमच्यापैकी ज्यांनी मराठी ३० किंवा ४० ची परीक्षा दिली असेल, त्यांच्या बोटांना हे अजून आठवत असेल.

संगणक आल्यावर हा विचारच उलटा झाला. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट कळफलकाची रचना ठरली, आणि १९९१ मध्ये इस्की हे सांकेतिक मानक आलं. इथे आकार नव्हे, उच्चार साठवायचा. आधी 'क', मग वेलांटी. ती डावीकडे नेऊन बसवायचं काम यंत्राचं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं.

यातली खरी गंमत बघायची असेल तर आज घरी एक करून पाहा. संगणकावर मराठी भाषा निवडा आणि पडद्यावरचा कळफलक उघडा. आता रचना इनस्क्रिप्टच ठेवून भाषा गुजराती करा, बंगाली करा, तमिळ करा. इंग्रजी 'के'च्या कळीवर प्रत्येक वेळी त्या त्या लिपीतला 'क'च दिसेल. लिप्या वेगळ्या, पण वर्णमालेची घडण एक, हे त्या रचनेने ओळखलं होतं.

मग ही रचना घराघरात का पोचली नाही? साधं कारण आहे. दुकानात मिळणाऱ्या कीबोर्डवर छापलेली अक्षरं इंग्रजी. कुठली कळ कुठल्या अक्षराची, ते पाठ करावं लागे. पडद्यावरच्या कळफलकाने ही अडचण सोडवली. धातूची आणि प्लास्टिकची कळ बदलत नाही, चित्रातली कळ बदलते. परदेशात राहणाऱ्या माणसालाही आता मराठी लिहायला वेगळं यंत्र लागत नाही.

पण मंडळी, कळ मोकळी झाली म्हणून अक्षर मोकळं झालं का? आता 'ऱ'कडे येऊ. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावणं वेगळं आणि 'आचाऱ्यांना' बोलावणं वेगळं! सासवड-जेजुरीकडची नदी 'कऱ्हा' आहे, 'कर्‍हा'तला रफार 'ह'च्या डोक्यावर चढवून जे होतं, ते नाही. इनस्क्रिप्टमध्ये हा 'ऱ' आहे; शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबायची. म्हणजे तो दुसऱ्या मजल्यावर राहतो. ज्यांना तो जिना माहीत नाही, ते 'वार्यावर' लिहून मोकळे होतात. आज कितीतरी ठिकाणी तसंच छापलेलं दिसतं.

आता बरेच जण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. 'के-ए-एल' टाइप केलं की काल, काळ, कल, कळ यांपैकी काय हवंय, हा अंदाज यंत्र बांधतं. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' यांतला भेद आपण रोमन लिपीच्या हवाली करतो. त्या लिपीत तो मुळात नाहीच.

दुसरी वाटही आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'स्वरचक्र' पाहा. व्यंजनावर बोट टेकवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यात क, का, कि, की दिसतात. शाळेत गिरवलेली बाराखडी काचेवर येते. ही रचना आपल्या लिपीपासून सुरू होते, इंग्रजीच्या कळांपासून नाही.

एक शेवटचं उदाहरण. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र ठेवून भागवत होतो. दिसायला दोन्ही सारखी, पण यंत्राच्या पोटात वेगळी. तक्त्यात जागा मिळाली, तेव्हा कुठे कळीवर जागा मिळण्याची शक्यता निर्माण झाली.

टाइपरायटरच्या काळात आपला नाइलाज होता, कळाच कमी होत्या. आज ते कारण उरलेलं नाही. जे अक्षर बोटाला सापडत नाही, ते हळूहळू लिहिण्यातून जातं, आणि मग पुढच्या पिढीला ते चुकीचंही वाटत नाही. म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या मोबाइलवर 'र' थोडा वेळ दाबून धरा, शिफ्ट करून पाहा, 'ऱ' कुठे राहतो ते शोधा. एकदा सापडला की तो वापरत राहा.

एवढं बोलून थांबतो.