हुकमी डाव (कुस्ती व ज्यूदोतील फेकीचे डाव)

मल्ल शिकलेल्या अनेक डावांपैकी एखादा डाव आपल्या अंगकाठीला मानवतो म्हणून निवडतो आणि तो वर्षानुवर्षे घोटून इतका पक्का करतो की, कुस्ती अडली असता त्याचे अंग आपोआप त्याच डावाकडे वळते. अशा डावाला हुकमी डाव म्हणतात. जपानी ज्यूदोत हीच कल्पना तोकुइ-वाझा या नावाने रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत उभ्या लढतीतील फेकीच्या डावांचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पायांवरून उचलून किंवा उलथवून पाठीवर पाडणाऱ्या डावांचा विचार केला असून घिस्सा, निकाल, एकचाक इत्यादी खाली धरून करावयाचे डाव वगळले आहेत.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत, निरगुडसरसारख्या गावांच्या परिसरात, हुकमी डाव पाहावयास मिळतो तो यात्रांच्या आखाड्यात. चैत्र-वैशाखात ग्रामदैवतांच्या यात्रा सुरू झाल्या की बैलगाड्यांच्या शर्यती आणि नारायणगावाहून ठरवून आणलेला तमाशा यांच्या जोडीने कुस्त्यांचा आखाडा भरतो आणि लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत तो चढत जातो. येथे वजनाचा काटा क्वचितच असतो. पंच दोघांची अंगे नजरेने तोलून जोड लावतात. त्यामुळे हलक्या मल्लाची गाठ आपल्याहून भारी गड्याशी पडण्याचा संभव नेहमीचा असतो आणि बळापेक्षा तोल हेरण्यावर बेतलेली फेक त्याला अधिक उपयोगी पडते. शिवाय यात्रेतला मल्ल पंचक्रोशीला ठाऊक असतो, त्याचा डाव आणि त्या डावाची तोडही सर्वांना ठाऊक असते; म्हणून हुकमी डावाचे खरे कौशल्य तो मारण्यापेक्षा तो येणार आहे हे लपवण्यात असते.

ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी तेन्जिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या दोन परंपरांचे शिक्षण घेऊन १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही संस्था स्थापन केली. त्यांनी फेकीचे तीन टप्पे पाडले : प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडणे (कुझुशी), त्या मोडलेल्या तोलाखाली आपले अंग बसवणे (त्सुकुरी) आणि प्रत्यक्ष फेकणे (काके). मराठी तालमीत असे शास्त्रीय विभाजन झाले नसले, तरी तिन्ही टप्पे तेथे नांदतात. सलामीनंतरची खडाखडी, मानेवर हात टाकून केलेली गर्दनखेच आणि खोटी हूल ही सारी तोल मोडण्याचीच साधने होत. गर्दनखेचीने पुढे ओढला जाणारा गडी सावरण्यासाठी मागे रेटा देतो किंवा पाऊल पुढे टाकतो आणि त्याच्या या प्रतिक्रियेवरच डाव मारायचा असतो. बाराव्या शतकातील मानसोल्लासातल्या मल्लविनोदापासून द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशापर्यंत मल्लविद्येची नोंद झालेली आहे. परंतु ग्रंथात पकड आणि ठेवण दाखवता येते, तोल सुटण्याचा क्षण दाखवता येत नाही, आणि तो वस्तादाच्या नजरेखालीच शिकावा लागतो.

फेकीचा नमुना म्हणून धोबीपछाड घेता येईल. मल्ल प्रतिस्पर्ध्याचा एक हात दोन्ही हातांनी मनगट व दंडाशी धरतो, पाऊल टाकून गर्रकन पाठमोरा होतो, तो हात आपल्या खांद्यावरून पुढे ओढतो आणि गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेखाली नेतो. मग गुडघे ताठ करत पुढे वाकताच मागचा गडी खांद्यावरून उलटून समोर पडतो. कंबर खाली न जाता केवळ पाठ वाकली, तर संपूर्ण वजन मल्लाच्याच मणक्यावर येते आणि वरचा गडी पाठीवर बसून कब्जा घेतो. नवशिक्यांचा धोबीपछाड बहुधा येथेच फसतो. ज्यूदोतील सेओइ-नागे ही फेक रचनेने हीच आहे. जपानचा कोगा तोशिहिको या फेकीच्या एकहाती प्रकारासाठी ख्यातनाम होता आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये गुडघा दुखावलेला असतानाही त्याने ७१ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले.

रचना एक असूनही दोन खेळांत तिची फलश्रुती वेगळी होते, आणि हुकमी डावाची निवड समजण्यासाठी हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ज्यूदोगी हा जाड कापडाचा झगा असल्याने ज्यूदोपटूला बाही आणि गळपट्टी धरता येते. लंगोट लावलेल्या मल्लाला धरण्यासाठी मनगट, दंड, मान आणि कंबर एवढेच उरते, आणि तेही घामाने निसटते, म्हणून तर सलामीपूर्वी अंगाला माती चोळतात. ज्यूदोत वेगाने, जोराने व नियंत्रण राखून पाठीवर पाडले की पूर्ण गुण, म्हणजे इप्पोन मिळून लढत तेथेच संपते. मातीतही गडी स्वच्छ पाठीवर आला तर तो चितपट होतो, पण कसलेला मल्ल हवेतच अंग फिरवून पोटावर पडतो आणि कुस्ती पुढे चालू राहते. त्यामुळे फेकल्यानंतरही हाताची पकड न सोडणे दोन्हीकडे शिकवले जाते : ज्यूदोत पडणारा सुरक्षित पडावा हाही त्यात हेतू असतो, तर कुस्तीत त्याला वळता येऊ नये हाच.

कापड नसल्यामुळे मानेला जे महत्त्व येते, ते ढाक या डावात स्पष्ट दिसते. यात एका हाताने प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून, दुसऱ्याने त्याचा दंड ओढून, कंबर आडवी घालून त्याला पुढे उलटवतात. ज्यूदोतील कोशी-गुरुमा याच्या जवळची आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) यांचे ढाकेवर प्रभुत्व होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी मुक्त शैलीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्या गटाचा सुवर्णविजेता इशिई शोहाची हा मुळात ज्यूदोचा खेळाडू असून दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आल्यामुळे तो कुस्तीकडे वळला होता. तालीम आणि कोदोकान या दोन परंपरांची गाठ पडली ती अशी, तिसऱ्याच देशातील गादीवर.

पायाने करावयाच्या फेकींत मराठी मल्लाची टांग प्रमुख होय. ती आतून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मांड्यांमध्ये पाय घालून त्याला पुढे उलटवण्यासाठी, लावली असता ज्यूदोतील उची-मातासारखी दिसते, आणि उची-माता ही २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील सुवर्णविजेता इनोउए कोसेई याची हुकमी फेक होती. दुसरा जपानी ज्यूदोपटू यामाशिता यासुहिरो याची हुकमी फेक ओसोतो-गारी मात्र मागच्या दिशेने पाडणारी आहे.

कलाजंग या डावाचे स्थान वेगळे आहे. प्रतिस्पर्ध्याचा हात ओढून त्याच्याखाली शिरायचे, दुसरा हात त्याच्या पायांमधून घालून मांडी धरायची आणि त्याला खांद्यांवर आडवा घेऊन पलीकडे टाकायचे, असे त्याचे स्वरूप असल्याने हलक्या मल्लाने भारी गड्याला पाडण्यासाठी तो योग्य मानला जातो. ज्यूदोतील काता-गुरुमा ही तीच फेक, आणि तिचा उगम जुजुत्सूत नाही : आपल्याहून धिप्पाड अशा एका सहविद्यार्थ्यापुढे उपाय चालेना तेव्हा कानो यांनी पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तकातून ती उचलली, असे सांगितले जाते. तरीही २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाने पाय धरण्यावर निर्बंध आणले आणि २०१३ पासून उभ्या लढतीत कंबरेखाली हाताने धरणे पूर्णतः निषिद्ध केले, त्यामुळे काता-गुरुमा मूळ स्वरूपात स्पर्धेतून गेली आणि पाय न धरता केलेले तिचे रूपच उरले. शालेय क्रीडा स्पर्धांत कुस्ती आणि ज्यूदो हे दोन्ही खेळ असल्याने या नियमाची झळ आखाड्यातून ज्यूदोच्या गादीवर येणाऱ्या मुलाला थेट लागते. ढाक, टांग, धोबीपछाड तो थोड्या फेराने नेऊ शकतो. एकेरी व दुहेरी पट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक किंवा दोन्ही पाय धरून पाडण्याचे डाव, तालमीत अगदी आरंभी शिकवले जातात, पण ज्यूदोत ते दंडास पात्र ठरतात.