खापरावरचे नाव

श्रोतेहो, ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पाच जण एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी मानावी, असा तिचा भाव. पण ते पाच जण कोण, त्यांनी ती गोष्ट स्वतः पाहिली का, हेही विचारायला नको का? आज हे विचारण्याचे कारण आपल्या खिशातच आहे. रिक्षावाला असो, खानावळ असो की डॉक्टर. मोबाईलवर बोट टेकवले की त्याला एक ते पाच तारे देता येतात. माणसाला असे तोलण्याची हौस मात्र जुनी आहे. चला, अडीच हजार वर्षे मागे, ग्रीस देशातल्या अथेन्स नगरात जाऊ.

तिथे लोकांचे राज्य होते. कोणी पुढारी डोईजड होऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. वर्षातून एकदा नगरसभेत विचारीत, यंदा कोणाला हद्दपार करायचे का? सभा ‘हो’ म्हणाली, की ठरल्या दिवशी नागरिक फुटक्या मडक्याच्या खापरावर एक नाव कोरून चौकात आणून टाकीत. निदान सहा हजार खापरे जमली, तर ज्याच्या नावाची सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत नगर सोडायचे, ते दहा वर्षांसाठी! आरोप नाही, पुरावा नाही, त्याची बाजू ऐकणे नाही.

इ.स.पू. ४८२ मध्ये ही पाळी अरिस्टायडीसवर आली. लोक त्याला ‘न्यायी’ म्हणत. सुमारे सहाशे वर्षांनी प्लुटार्क या चरित्रकाराने त्याची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. एका निरक्षर खेडुताने, समोर कोण आहे हे न ओळखता, त्यालाच म्हटले, “यावर अरिस्टायडीस असे लिहून दे.” “त्याने तुझे काय वाईट केले?” “काही नाही. मी तर त्याला ओळखतही नाही. पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ते ऐकून कान किटले!” अरिस्टायडीसने मुकाट्याने स्वतःचे नाव लिहून दिले. पुढे दोनच वर्षांत इराणची स्वारी आली, तेव्हा त्याच लोकांना त्याला परत बोलवावे लागले.

आता दुसरा पुरावा पाहा. १९३७ मध्ये अथेन्सच्या टेकडीच्या उतारावर एका विहिरीत सुमारे १९० खापरे सापडली. सर्वांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीस. अक्षर तपासले, तेव्हा लिहिणारे हात अवघे चौदा निघाले! म्हणजे विरोधकांनी खापरे आधीच लिहून वाटण्यासाठी तयार ठेवली होती. इथे पाचामुखी परमेश्वर कुठला? पाच मुखांतून एकच जण बोलत होता.

आज तरी निराळे काय चालले आहे? २०१७ मध्ये लंडनमध्ये एका तरुण पत्रकाराने आपल्या परसातली झोपडी हेच उपाहारगृह आहे असे भासवले. तिथे कधी चूल पेटली नव्हती, तरी खोट्या अभिप्रायांच्या जोरावर ते प्रवाशांच्या एका प्रसिद्ध यादीत लंडनमधले पहिले ठरले. खोट्या स्तुतीने जे चढते, ते खोट्या निंदेने उतरतेही. आपल्या देशातही २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक ठरवावे लागले, ते उगाच नव्हे.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. अथेन्सची शिक्षा दहा वर्षांनी संपे, आणि घरदार, जमीन त्या माणसाचीच राही. मोबाईलवरच्या निंदेला अशी मुदत नाही. ती गरिबाच्या पोटावर पाय देऊन जाते.

म्हणून काय, गिऱ्हाइकाने गप्प बसावे? मुळीच नाही. वजनात मारले तर जरूर सांगावे. पण काय घडले, केव्हा घडले, ते नेमके सांगावे. सांगोवांगी लिहू नये, आणि जमेल तर आधी त्या माणसाशी बोलावे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात ही खापराची गोष्ट अवश्य सांगावी, आणि मुलांना विचारावे, “बाळांनो, ज्याला आपण ओळखत नाही, त्याचे नाव आपण का लिहायचे?”