बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआयच्या स्रावप्रणाली

स्रावप्रणाली म्हणजे जीवाणूने तयार केलेली प्रथिने त्याच्या पेशीवेष्टनांतून बाहेर किंवा थेट दुसऱ्या पेशीत पोहोचवणारी यंत्रणा होय. ओलसर माती व साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय या ग्रॅम-ऋण जीवाणूत अशा अनेक प्रणाली आढळतात. हा जीवाणू संधिसाधू मानला जातो. जखमेतून, श्वासावाटे किंवा दूषित पाण्यातून तो शरीरात शिरतो आणि विशेषतः मधुमेह, मूत्रपिंडाचे जुने विकार किंवा अतिमद्यपान असलेल्या व्यक्तींत मेलिऑइडोसिस हा गंभीर रोग निर्माण करतो.

इतिहास

आल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगून येथील रुग्णांवरून या रोगाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतातील पहिल्या रुग्णाची नोंद १९९१ मध्ये मुंबईतून झाली. या जीवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या प्रकारच्या तीन आणि सहाव्या प्रकारच्या सहा स्रावप्रणालींचे जनुकसमूह आढळले.

कार्य

दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीतून प्रथिने व मेद यांचे विघटन करणारी विकरे बाहेर टाकली जातात.

तिसऱ्या प्रकारच्या प्रणालीची रचना पोकळ सुईसारखी असते. तिच्यापैकी 'बीएसए' नावाचा समूह मानवी संसर्गात महत्त्वाचा आहे. भक्षक पेशीने जीवाणू गिळल्यावर तो एका आवरणात बंदिस्त होतो. बीएसएच्या साहाय्याने तो हे आवरण भेदून पेशीद्रवात येतो व तेथे वाढतो. पाचव्या प्रकारच्या प्रणालीने पृष्ठभागावर आलेले 'बिमए' हे प्रथिन यजमान पेशीतील ॲक्टिनचे तंतू जुळवून जीवाणूला पुढे ढकलते.

सहाव्या प्रकारच्या प्रणालीची रचना जीवाणुभक्षी विषाणूच्या आकुंचन पावणाऱ्या शेपटीशी मिळतीजुळती असते. तिच्यापैकी पाचवा समूह शेजारच्या पेशी एकमेकींत विलीन करून बहुकेंद्रकी महापेशी बनवतो. त्यामुळे जीवाणूला पेशीबाहेर न येता पसरता येते आणि रक्तातील प्रतिपिंडांपासून बचाव होतो. हा समूह निकामी केल्यास प्रायोगिक प्राण्यांत जीवाणूची रोगकारकता मोठ्या प्रमाणात घटते.

मातीतील भूमिका

या सर्व प्रणाली माणसासाठी विकसित झालेल्या नाहीत. तिसऱ्या प्रकारचे उरलेले दोन समूह टोमॅटो व वांग्यावर मर रोग आणणाऱ्या राल्स्टोनिया सोलानासिअरम या जीवाणूतील प्रणालीशी साम्य दर्शवतात. जवळच्या नात्यातील बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिस हा जीवाणू सहाव्या प्रकारच्या एका प्रणालीने प्रतिस्पर्धी जीवाणूंना मारतो. त्याच्यातही बीएसए समूह असूनही तो माणसात क्वचितच रोग घडवतो. यावरून केवळ स्रावप्रणाली असणे रोगकारकतेस पुरेसे नाही, हे दिसते.

वैद्यकीय महत्त्व

मेलिऑइडोसिसची लक्षणे अनेकदा क्षयरोगासारखी भासतात आणि प्रयोगशाळेत हा जीवाणू स्यूडोमोनस समजला जाण्याची शक्यता असते. पेशीत दडून राहण्याच्या क्षमतेमुळे उपचार लांबतो: प्रथम सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेवाटे देतात आणि नंतर साधारणपणे किमान तीन महिने को-ट्रायमोक्साझोल देतात. औषध लवकर थांबवल्यास रोग उलटू शकतो. मान्यताप्राप्त लस उपलब्ध नसल्याने, जीवाणू आढळणाऱ्या प्रदेशात भातशेतीच्या चिखलात उतरताना जखमा झाकणे व गमबूट वापरणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत.