नदीपार नेणारी होडी आणि तिची परीक्षा

गोमंतकातील दैवतांच्या स्थलांतराचा इतिहास हा नद्यांचाही इतिहास आहे. इ. स. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचे श्रीमंगेश अघनाशिनी, म्हणजेच जुवारी, ओलांडून प्रियोळास आले. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास व केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली. पूर्वजांच्या श्रद्धेचे व धैर्याचे स्मरण प्रत्येक उत्सवात होते. परंतु ज्या विद्येच्या बळावर नदीकाठची माणसे जुन्या होडीवर निःशंकपणे पाय ठेवीत, तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

लाकडी होडीचे शत्रू दोन. एक वरून येतो, दुसरा खालून. खारे पाणी लाकडास कुजू देत नाही. कुजविते ते पावसाचे गोडे पाणी. फासळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत व नाळेच्या कोपऱ्यांत ते साचते, अर्धवट सुकते, पुन्हा साचते आणि तेथे बुरशी धरते. दुसरा शत्रू खाऱ्या पाण्यातील, लाकूड पोखरणारा जीव. त्यास किडा म्हणतात खरे, पण तो शिंपल्याच्या कुळातील आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून तो शिरतो आणि आत वाढत जाऊन रुंद बोगदे कोरतो. फळी बाहेरून धडधाकट दिसते, आतून मात्र पोकळ झालेली असते.

म्हणूनच जाणता कारागीर डोळ्यांपेक्षा कानावर व हातावर अधिक विसंबे. पावसाळ्यापूर्वी होडी काठावर ओढून, खरवडून, सुकविली जाई. मग लाकडी हातोडीने फळी फळी ठोकून पाहावयाची. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. संशयित जागी सुरीचे टोक दाबले असता ते सहज रुतले, तर ती फळी बदलणे भाग असे. किडीवर उपाय म्हणून तळास सुक्या गवताची धग देत, किंवा होडी काही दिवस गोड्या पाण्यात नेऊन ठेवीत. गोडे पाणी त्या जीवास मानवत नाही.

गळतीची परीक्षा याहून सूक्ष्म होती. जमिनीवरील होडीत पाणी ओतून बाहेर कोठे पाझरते ते पाहत व तेथे खूण करीत. सुकलेल्या फळ्या आकसतात. त्यामुळे होडी प्रथम पाण्यात लोटताच थोडे पाणी आत येणारच. एकदोन दिवसांत लाकूड फुगून सांधे मिटतात. त्यानंतरही जे पाणी थांबत नाही, तीच खरी गळती. सांध्यांत काथ्या वा कापूस ठासून त्यावर राळ व तेल भरण्याच्या कामास ‘कालापाती’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला; मात्र काथ्याने फळ्या शिवण्याची विद्या या किनाऱ्यावर त्यांच्या आगमनापूर्वीपासून होती.

कुठ्ठाळीजवळ जुवारीवर १९८३ साली पूल झाला, आणि पुढे लाकडी होड्यांची जागाही बव्हंशी फायबरच्या होड्यांनी घेतली. तरीही कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाच्या सातव्या दिवशी दोन होड्या जोडून सांगोड सजतो. होडीस रंग व पताका लावणारे हात पुष्कळ मिळतात. फळी ठोकून तिचा आवाज ओळखणारे कान मात्र विरळ होत आहेत. ही पारख कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. ती वृद्ध कारागिरांच्या हातांत व कानांत आहे. त्यांच्या हयातीतच ती पुढील पिढीने आत्मसात केली, तर श्रींना पैलतीरी पोहोचविणाऱ्या परंपरेचे ऋण काही अंशी फिटेल.