धारचा बालराजा आणि युक्रेनची ओळख



फेब्रुवारी 2022 पासून आपण युक्रेनसाठी प्रार्थना करीत आलो आहोत. पण मिस्सानंतर बाहेर गप्पा सुरू झाल्या की एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो : "युक्रेन मुळात रशियाचाच ना?" उत्तर शोधताना आम्हाला माळव्यातील धार आठवले.

धार आणि देवास ही पवार घराण्याची मराठी संस्थाने. 1857 मध्ये धारचे राजे यशवंतराव वारले आणि अल्पवयीन आनंदराव गादीवर आले. पदरच्या भाडोत्री शिपायांनी उठाव करून किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरमध्ये इंग्रज फौजेने वेढा घालून तो जिंकला आणि संस्थानच खालसा केले. शिपायांच्या कृत्याची शिक्षा एका मुलाला झाली.

लंडनमध्ये इंडिया रिफॉर्म सोसायटीच्या जॉन डिकिन्सन यांना हा अन्याय वाटला. 1860 मध्ये संस्थान परत देण्याचे ठरले, पण बैरासिया परगणा भोपाळच्या बेगमेला गेला. पुढे 1864 मध्ये डिकिन्सन यांनी एक पुस्तिका काढली. तिच्या नावाचा अर्थच 'धार परत दिलेले नाही' असा होता. धारशी ना नाते, ना भाषा एक; तरी त्यांनी जेत्याच्या हकिगतीवर विसंबून राहणे नाकारले.

देवासलाही असा एक परका आला. कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. तिथून घरी लिहिलेली पत्रे त्यांनी 1953 मध्ये पुस्तकरूपाने छापली. दरबारात राहून, माणसांशी बोलून त्यांनी देवास जाणून घेतले.

आता युक्रेनकडे पाहू. धार हे छोटे संस्थान, युक्रेन कोट्यवधींचा देश. तुलना पूर्ण जुळत नाही. पण तिथेही हकीगत बलवानानेच सांगितली. 1863 मध्ये रशियन मंत्री वालुयेव यांनी युक्रेनी भाषेतील धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तके छापण्यावर बंदी घातली. आपल्या मायबोलीत नवा करार वाचणाऱ्या आपल्याला त्याचा अर्थ सांगायला नको. जुलै 2021 मध्ये पुतिन यांनी लेख लिहून रशियन आणि युक्रेनी लोक एकच असल्याचे म्हटले. पण 1 डिसेंबर 1991 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला होता. आपण कोण, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हे आपण लहानपणीच शिकलो. ऐकीव गोष्ट न तपासता पुढे पाठवली तरी तिला आपली साक्ष जोडली जाते. म्हणून या रविवारी युक्रेनचे नाव घेऊन प्रार्थना करू या आणि घरी गेल्यावर त्या लोकांनी स्वतः लिहिलेले एखादे पान वाचू या.